फराक्क्याच्या वरचं पाणी: भारत-बांगलादेश गंगा कराराचं प्रकरण

कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्याचं शेत आहे त्याला पाणीवाटप कुणी शिकवावं लागत नाही. पाळीपत्रकात त्याचा वार असतो, तास असतात. चारी मात्र कोरडी असते, कारण वरच्या अंगाला मोटारी चालू असतात. गंगेच्या बाबतीत बांगलादेश टेलला आहे, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही कळतं. पण पश्चिम बंगालमधल्या ज्या फराक्क्याच्या बंधाऱ्यावरून भारत बांगलादेशसाठी पाणी सोडतो, ते फराक्काही टेललाच आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश आणि बिहार यांचे कालवे, उपसा, विहिरी हे सगळं भागून जे उरतं ते फराक्क्याला पोचतं. १९९६ साली दोन देशांनी वाटून घेतलं ते हे उरलेलं पाणी.

तो करार तीस वर्षांचा आहे आणि त्याची मुदत १२ डिसेंबर २०२६ ला संपते. म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडून पाहायचं: कोणत्या टप्प्यावर काय ठरलं, दुसरं काय ठरवता आलं असतं, आणि जे ठरलं त्याचं पुढे काय झालं.

पार्श्वभूमी

कोलकाता बंदर हुगळीवर आहे. हुगळी म्हणजे भागीरथी, गंगेचा जुना फाटा. काही शतकांपूर्वी गंगेचा मुख्य ओघ पूर्वेला सरकला आणि पद्मा होऊन वाहू लागला. भागीरथीच्या वाट्याला उन्हाळ्यात पाणी उरेना, समुद्राच्या भरतीबरोबर आत आलेला गाळ बाहेर ढकलायला जोर राहिला नाही, आणि बंदर उथळ होत गेलं. गंगेवर बंधारा घालून पाणी भागीरथीत वळवावं ही सूचना सर आर्थर कॉटन यांनी १८५३ मध्येच केली होती. गोदावरीवर धवलेश्वरमचा बंधारा बांधणारे तेच हे कॉटन.

फाळणीच्या वेळी सीमारेषा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांनी मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारताला दिलं, आणि हिंदूंची निसटती बहुसंख्या असलेलं खुलना पाकिस्तानला. मुर्शिदाबादेत भागीरथी गंगेतून फुटते. ते भारताकडे आलं तेव्हाच फराक्क्याचा बंधारा शक्य झाला. या अदलाबदलीत पलीकडे गेलेलं खुलना पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून ते नाव ध्यानात असू द्यावं.

१९५१ मध्ये भारताच्या बेताची बातमी आली आणि ऑक्टोबरात पाकिस्तानने पहिलं निषेधाचं पत्र पाठवलं. त्यानंतर वीस वर्षं पत्रं, तज्ज्ञांच्या बैठका आणि आकडेवारीची देवाणघेवाण चालू राहिली. १९६१ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बराज (दारांचा बंधारा), भागीरथीकडे पाणी नेणारा ३८ किलोमीटरचा फीडर कालवा आणि त्याची ४०,००० क्युसेकची क्षमता. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर.) बांगलादेशची हद्द तिथून वीस किलोमीटरच्या आत आहे.

भारताच्या बाजूनेही शंका घेणारे होते. पश्चिम बंगालच्या पाटबंधारे खात्यातले अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी तेव्हाच लिहिलं होतं की उन्हाळ्यात बंदराला हवं तेवढं पाणी मिळणार नाही, बंधाऱ्यामागे गाळ साचेल आणि वरच्या भागात पूर वाढतील. त्यांच्या मुद्द्यांना उत्तर देण्याऐवजी त्यांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवलं गेलं. शत्रूराष्ट्राचाही आक्षेप तोच असल्यामुळे घरच्या अभियंत्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. मला ही या प्रकरणातली पहिली चूक वाटते.

अडचण नेमकी काय होती

पावसाळ्यात गंगेत लाखो क्युसेक पाणी असतं, तेव्हा वाटणीचा प्रश्नच येत नाही. प्रश्न जानेवारी ते मे एवढाच, आणि त्यातही मार्चचा दुसरा आठवडा ते मेचा पहिला आठवडा. या दिवसांत फराक्क्याला त्या काळच्या हिशेबाने ५५,००० क्युसेकच्या आसपास पाणी येई. बंदराला हवे होते ४०,०००. तेवढे दिले तर खाली उरतात १५,०००.

खाली, म्हणजे पद्मेवर काय अवलंबून आहे? कुष्टियाकडचा गंगा-कोबदक सिंचन प्रकल्प थेट नदीतून पंपाने पाणी उचलतो. गोराई नावाचा फाटा पद्मेतून निघून नैऋत्य बांगलादेशाला गोडं पाणी नेतो. खुलन्याचा परिसर आणि सुंदरबनाचा मोठा भाग त्या पाण्यावर जगतो. गोराईचा जोर कमी झाला की समुद्राचं खारं पाणी आत चढतं. थोडक्यात, बंगालच्या दोन्ही बाजूंना नदीकडून हवं होतं ते एकच: खालून येणारा समुद्र मागे ढकलण्याइतका जोर. भारताला तो गाळासाठी हवा होता, बांगलादेशला मिठासाठी.

एकेचाळीस दिवस

१९७१ नंतर संबंध मैत्रीचे होते. १९७२ मध्ये संयुक्त नदी आयोग स्थापन झाला. १६ मे १९७४ च्या इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांच्या संयुक्त निवेदनात दोन्ही देशांनी मान्य केलं की उन्हाळी पाणी दोघांना पुरणारं नाही, आणि बराज सुरू होण्यापूर्वी वाटणीचं ठरवायचं.

पूर्ण वाटणी ठरली नाही. १८ एप्रिल १९७५ ला फक्त चाचणीपुरती सहमती झाली: २१ एप्रिल ते ३१ मे, एकूण ४१ दिवस, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत ११,००० पासून १६,००० क्युसेकपर्यंत पाणी भागीरथीत घ्यायचं आणि दोन्हीकडच्या परिणामांची पाहणी करायची. सहमती आणि पाणी सोडणं यांत तीन दिवसांचं अंतर होतं.

३१ मेनंतर काय, याबद्दल कागदावर काही नव्हतं. १५ ऑगस्टला शेख मुजीब यांची हत्या झाली, ढाक्यातलं सरकार बदललं, विश्वास आटला. १९७६ चा उन्हाळा आला तेव्हा भारताने करार नसतानाही पाणी वळवलं. बांधून तयार असलेला बंधारा बंद ठेवायला कोणतंही सरकार सहजी तयार होत नाही, आणि चाचणी संपल्यावर काय करायचं हे न लिहिता चाचणी सुरू केली तर तिची वहिवाट होते. १६ मे १९७६ ला बांगलादेशचे वृद्ध नेते मौलाना भाषानी यांनी राजशाहीहून फराक्क्याच्या दिशेने हजारोंचा मोर्चा काढला. त्याच वर्षी बांगलादेश हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत घेऊन गेला. तिथे ठराव झाला नाही, २६ नोव्हेंबरला दोन्ही देशांनी पुन्हा बोलावं असं सहमतीचं निवेदन तेवढं निघालं.

बोलणी झाली. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना ५ नोव्हेंबर १९७७ ला पाच वर्षांचा करार झाला. यात दोन गोष्टी नमूद करण्याजोग्या आहेत. पहिली, वाटपाचा तक्ता ७५ टक्के विश्वासार्हतेच्या प्रवाहावर, म्हणजे चारांपैकी तीन वर्षी निदान जेवढं येईल तेवढ्या पाण्यावर, आधारलेला होता. दुसरी, पाणी कितीही कमी झालं तरी बांगलादेशला तक्त्यातल्या वाट्याच्या ८० टक्के मिळतील अशी हमी होती. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी एकूण ५५,००० क्युसेक धरून बांगलादेशला ३४,५०० आणि भारताला २०,५०० असा वाटा होता.

हा करार १९८२ मध्ये संपला. पुढची सहमतीपत्रं १९८२ आणि १९८५ ची, त्यांत ८० टक्क्यांची हमी गळाली. १९८८ नंतर काहीच उरलं नाही. आठ उन्हाळे करार नव्हता. १९९३ च्या मार्चमध्ये बांगलादेशात पाक्शीच्या हार्डिंज पुलाजवळ पद्मेचा प्रवाह १०,००० क्युसेकच्याही खाली गेला.

समोर असलेले पर्याय

या वीस वर्षांत टेबलावर जे पर्याय येऊन गेले त्यांत पाणी वाढवण्याचे दोन मोठे होते.

भारताचं म्हणणं: ब्रह्मपुत्रेत पाणी भरपूर आहे, ते गंगेत आणू. आसामातल्या जोगीघोपापासून बांगलादेशाच्या उत्तर भागातून फराक्क्यापर्यंत सुमारे ३२० किलोमीटरचा जोडकालवा. बांगलादेशला हे पटणं शक्यच नव्हतं. कालव्याचं तोंडही भारतात आणि शेवटही भारतात, मधली जमीन आणि विस्थापन मात्र बांगलादेशचं. शिवाय ब्रह्मपुत्रेची किल्लीसुद्धा शेजाऱ्याच्या हातात गेली असती.

बांगलादेशचं म्हणणं: नेपाळमध्ये धरणं बांधून पावसाचं पाणी अडवा आणि उन्हाळ्यात सोडा. जलशास्त्राच्या दृष्टीने हे अधिक सरळ होतं, कारण कोसी, गंडक, कर्णाली या नेपाळातून येणाऱ्या नद्याच उन्हाळ्यात गंगेला मोठा आधार देतात. पण त्यासाठी नेपाळ वाटाघाटीत हवा, आणि भारताला शेजाऱ्यांशी एकेकट्याने बोलायचं होतं. हिमालयातल्या उंच धरणांचे भूकंप आणि विस्थापनाचे प्रश्न तर वेगळेच.

तिसरा पर्याय बांगलादेशने स्वतः पद्मेवर बराज बांधण्याचा. राजबाडी जिल्ह्यातल्या पांग्शाजवळची जागा त्यासाठी अनेक वर्षं चर्चेत राहिली. चौथा, त्रयस्थाकडे जाण्याचा. सिंधू करारात जागतिक बँक होती, तटस्थ तज्ज्ञ आणि लवाद न्यायालयाची तरतूद होती. गंगेसाठी भारताला तसं काही नको होतं. आणि पाचवा, सगळ्यांत साधा: पाणी वाढवण्याचा वाद बाजूला ठेवून जे येतं ते वाटून घ्यायचं.

१९९६ मध्ये पाचवा निवडला गेला. तो योग्यच होता असं माझं मत आहे. वाढीव पाण्याची वाट पाहत राहिलो असतो तर आजही करार नसता. पण हा पर्याय घेतल्यावर एक प्रश्न अटळ होता, तो म्हणजे ‘जे येतं’ ते किती धरायचं.

१९९६: सहा महिन्यांत करार

जून १९९६ मध्ये दिल्लीत एच. डी. देवेगौडा यांचं संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि त्याच महिन्यात ढाक्यात शेख हसीना पंतप्रधान झाल्या. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल यांचं धोरणच असं होतं की लहान शेजाऱ्याकडून बरोबरीच्या परतफेडीची अपेक्षा ठेवू नये. देवेगौडा स्वतः स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेले आणि कावेरीच्या वादात मुरलेले. क्युसेक आणि टीएमसी (अब्ज घनफूट) हे शब्द त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नसतील.

निर्णायक पाऊल मात्र कोलकात्यातून पडलं. मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी नोव्हेंबरअखेर ढाक्याला जाऊन बोलणी पुढे नेली. बंदर त्यांच्या राज्यातलं, भागीरथी त्यांच्या राज्यातली. ज्याचं पाणी कमी होणार तोच पुढे झाला, म्हणून दिल्लीला सही करता आली. हे किती महत्त्वाचं होतं ते २०११ मध्ये उलट बाजूने दिसलं. तिस्ता या दुसऱ्या सामायिक नदीच्या कराराचा मसुदा तयार होता, पण मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासोबत ढाक्याला जायला नकार दिला आणि करार तिथेच थांबला. तिस्तेचा करार अजूनही झालेला नाही.

१२ डिसेंबर १९९६ ला दिल्लीत देवेगौडा आणि हसीना यांनी गंगा करारावर सह्या केल्या.

तक्ता कसा चालतो

१ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे पंधरा टप्पे. फराक्क्याला येणारं पाणी ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५,००० च्या वर असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशला.

यावर आणखी एक अट आहे, आणि खरा पेच तिच्यात आहे. ११ मार्च ते १० मे या कठीण काळात दोन्ही देशांना एकाआड एक अशा तीन-तीन टप्प्यांत ३५,००० क्युसेकची हमी. पाळीपाळीने. कराराच्या जोडपत्रात मार्च २१ ते ३१ भारताची पाळी: ३५,००० भारताला, २९,६८८ बांगलादेशला. एप्रिल १ ते १० बांगलादेशची: ३५,००० त्यांना, २८,१८० भारताला. एप्रिल ११ ते २० पुन्हा भारताची: बांगलादेशला २७,६३३. आपल्याकडच्या शेजपाळीची सवय असलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल.

मोजणीसाठी संयुक्त समिती आहे. दोन्ही देशांची पथकं फराक्क्याला आणि हार्डिंज पुलाला बसतात आणि रोजचे प्रवाह नोंदवतात. पाणी ५०,००० च्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी लगेच विचारविनिमय करायचा. फराक्का आणि हद्द यांच्यामध्ये भारताने फार तर २०० क्युसेक वापरायचे. वाद झाला तर संयुक्त समितीकडून नदी आयोगाकडे, तिथून सरकारांकडे. त्यापुढे दार नाही.

पहिलाच उन्हाळा

सह्या होऊन साडेतीन महिने झाले नव्हते. मार्च १९९७ च्या अखेरीस फराक्क्याला तक्त्यापेक्षा बरंच कमी पाणी आलं आणि हार्डिंज पुलाजवळची नोंद पुन्हा १०,००० क्युसेकच्या खाली गेली. ढाक्यात करारावर टीकेची झोड उठली.

त्या आठवड्यात नियमाप्रमाणे काय होत होतं, ते पाहण्यासारखं आहे. समजा ५०,००० क्युसेक आले. ज्याची पाळी त्याला ३५,०००, दुसऱ्याला १५,०००. दहा दिवसांनी उलट. हमी दोघांनाही पाळली जाते आणि नदी मात्र दहा दिवसांत ३५ वरून १५ वर आणि पुन्हा ३५ वर हेलकावते. पंपाच्या विहिरीला, गोराईच्या तोंडाशी साचणाऱ्या वाळूला, अंडी घालायला वर निघालेल्या माशाला सरासरी कळत नाही. पाणी जितकं कमी, तितका हेलकावा मोठा. दुष्काळासाठी घातलेली अट दुष्काळातच सर्वांत जास्त बोचते.

तरी करार मोडला नाही, याचीही नोंद घ्यायला हवी. पुढच्या वर्षी पाणी बरं होतं. पथकं बसत राहिली, नोंदी होत राहिल्या. सरकारं बदलली, संबंध बिघडले, सुधारले, पण १९७६ सारखा उन्हाळा पुन्हा आला नाही.

काय साधलं, काय निसटलं

पाणी कोणी किती घेतलं याची दोन्ही देशांच्या सह्यांची नोंद असणं ही या कराराची खरी कमाई आहे. १९८८ ते १९९६ या काळात दोन्हीकडचे लोक एकमेकांचे आकडे मानतच नव्हते.

निसटलेल्या गोष्टींची यादी दोन्ही बाजूंना आहे.

गोराईचं तोंड १९८८ नंतर उन्हाळ्यात सुकू लागलं होतं. १९९८ पासून बांगलादेशने ते ड्रेजरने उघडायला घेतलं, पुन्हा बुजलं, पुन्हा उघडलं. खुलना परिसरात पिण्याचं आणि भातशेतीचं पाणी खारं होत गेलं. सुंदरबनाला जिच्यावरून नाव मिळालं ती सुंदरीची झाडं शेंड्याकडून वाळू लागली. त्यामागच्या कारणांत वाढलेला खारेपणा धरला जातो. मुर्शिदाबादच्या बदल्यात पलीकडे गेलेलं खुलना ते हेच. एका बंदरासाठी आखलेल्या रेषेची किंमत रेषेच्या दुसऱ्या टोकाने दिली. सगळा दोष फराक्क्याचा नाही. कोळंबीची खाजणं, किनाऱ्यावरचे बांध आणि समुद्राची वाढती पातळी यांचाही त्यात वाटा आहे. पण गोडं पाणी कमी झालं की बाकीची सगळी दुखणी बळावतात.

भारताच्या बाजूला कोलकात्याला ड्रेजिंगपासून सुटका मिळाली नाही आणि मोठी जहाजं हल्दियाकडे गेली. बराजच्या वरच्या अंगाला गाळ साचून गंगा डाव्या काठावर चढली. मालदा जिल्ह्यात पंचानंदपूरसारखं भरभराटीचं गाव नदीने गिळलं. हजारो कुटुंबं एकदा नव्हे, अनेकदा उठली, आणि नदीने पलीकडे टाकलेल्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, राहायला गेलेल्यांना आपण कोणत्या राज्याचे हेच सिद्ध करत बसावं लागलं. प्रयागराजपर्यंत वर जाणारा हिलसा मासा फराक्क्याला अडला. २०१६ च्या पुरानंतर बिहारचे मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी बराजच काढून टाकण्याची मागणी केली. कपिल भट्टाचार्य यांनी मांडलेले तिन्ही मुद्दे, बंदर, गाळ आणि पूर, अशा रीतीने पुन्हा चर्चेत आले.

यांतल्या बहुतेक लोकांचा १९९६ च्या करारात उल्लेखही नाही. करार क्युसेकचा आहे; गाळाचा नाही, काठाचा नाही, माशाचा नाही.

निर्णयाच्या जागा

सर्वांत मोठी जागा मला जोडपत्रातल्या सरासरीची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो.

१९७७ च्या तक्त्यात १९४८ ते १९७३ चा ७५ टक्के विश्वासार्ह प्रवाह घेतला होता. म्हणजे चारांपैकी तीन वर्षी निदान एवढं पाणी येईल असा आकडा. १९९६ च्या तक्त्यात १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांची सरासरी घेतली. फरक बघा: एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी १९७७ चा आकडा ५५,०००, आणि १९९६ चा ६०,९९२. दरम्यान वरच्या राज्यांत सिंचन वाढलेलं होतं, नलिका-विहिरी वाढल्या होत्या. पाणी कमी होत असताना तक्त्यातला आकडा मात्र चढला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन कळेल. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने २,०६० टीएमसी धरले आणि त्यातून महाराष्ट्राला ५६० दिले. सरासरी धरली असती तर आकडा मोठा झाला असता, तीन राज्यांच्या सभांत टाळ्याही मिळाल्या असत्या, आणि दर दुसऱ्या वर्षी भांडण झालं असतं. सरासरीचा अर्थच असा की निम्म्याच्या आसपास वर्षी पाणी तिच्यापेक्षा कमी भरणार.

सरासरी का घेतली गेली असावी? माझा तर्क असा: मोठ्या आकड्याने दोन्ही राजधान्यांत करार खपवणं सोपं होतं. ढाक्याला एप्रिलअखेरीस ३५,००० दाखवता आले, म्हणजे १९७७ पेक्षा जास्त. वाटपाचं सूत्र प्रत्यक्ष येणाऱ्या पाण्यावर चालतं, जोडपत्र नमुन्यादाखल असतं, हे जाणकारांना माहीत होतं. पण लोकांनी जोडपत्र हीच हमी मानली. त्यामुळे सूत्राप्रमाणे अगदी चोख पाणी सोडलेल्या वर्षीही बांगलादेशात ‘ठरल्यापेक्षा कमी मिळालं’ ही बातमी होत राहिली, आणि भारतात ‘सगळं नियमाने दिलं’ ही. दोन्ही खऱ्या होत्या.

इथे दुसरी जागा येते. फराक्क्याला चाळीस वर्षांच्या सरासरीइतकं पाणी राखण्याचा वरच्या देशाने सर्वतोपरी प्रयत्न करावा, असं करारात आहे. पण हा प्रयत्न करायचा कुणी? कालवे उत्तर प्रदेशचे, विहिरी बिहारच्या. ही राज्यं बोलण्यात नव्हती आणि करारात कुठेही बांधलेली नाहीत. पश्चिम बंगालला सोबत घेतल्यामुळे करार झाला, हे दिसत असूनही वरच्या राज्यांना सोबत घेण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर कदाचित सहा महिन्यांत सह्या झाल्या नसत्या. हा तोल सोपा नव्हता, हे मान्य. पण निदान असं करता आलं असतं: सही १९९६ मध्ये, आणि पाच वर्षांच्या पहिल्या आढाव्यापर्यंत भारताने वरच्या राज्यांसाठी उन्हाळी वापराचा आपला अंतर्गत हिशेब तयार करायचा. आढाव्याचं कलम करारात होतंच. आढाव्यात एकमत झालं नाही तरी बांगलादेशच्या वाट्याचे ९० टक्के तोवर सोडत राहायचे, इतकी काळजीही घेतली होती. तक्ता मात्र तीस वर्षं तोच राहिला.

नेपाळचंही तसंच. १९९६ च्या फेब्रुवारीत भारत-नेपाळ महाकाली करार झाला आणि डिसेंबरात गंगा करार. एकाच नदीखोऱ्याचे दोन करार एका वर्षात, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. महाकालीवरचं पंचेश्वर धरण अजून उभं राहिलेलं नाही. गंगा करारातलं पाणी वाढवण्याचं कलमही इच्छेपुरतंच राहिलं.

तिसरी जागा १९७५ ची. त्या ४१ दिवसांच्या कागदात एक ओळ जास्त हवी होती: नवा करार होईपर्यंत हेच प्रमाण चालू राहील, किंवा कालवा बंद राहील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

पाळीच्या अटीबद्दल थोडं. दहा दिवसांच्या आलटून-पालटून हमीऐवजी गोराईच्या तोंडाशी रोज अमुक इतकं पाणी राहील असा खालचा आकडा बांधता आला असता. तो कदाचित ३५,००० हून कितीतरी कमी निघाला असता. पण स्थिर असता, आणि ओढ्याची, माशाची, मीठ मागे रेटण्याची गरज स्थिर प्रवाहाची असते. १९९६ मध्ये दोघांनीही मोठा पण डळमळता आकडा निवडला. हार्डिंज पुलापर्यंतच्या पट्ट्यात पाणी नेमकं कुठे जिरतं किंवा वाढतं याची सलग मोजणी, आणि रोजच्या नोंदी दोन्ही देशांतल्या सामान्य माणसाला त्याच दिवशी बघता येतील अशी व्यवस्था, या दोन गोष्टींना तर फारसा खर्चही आला नसता.

आता

जून २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि शेख हसीना यांनी नूतनीकरणासाठी तांत्रिक बोलणी सुरू करण्याचं जाहीर केलं. आपल्याला विचारलं नाही, अशी तक्रार ममता बॅनर्जी यांनी लगेच पत्राने केली. ऑगस्टमध्ये हसीना सत्तेतून गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानबरोबरचा सिंधू करार स्थगित केला, आणि लेखी कराराच्या आयुष्याविषयी ढाक्यात वेगळ्या स्वरात बोललं जाऊ लागलं. त्याच वर्षी बांगलादेश सीमापार नद्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या जलकरारात सामील झाला. संयुक्त समितीची पथकं या सगळ्यातही ठरल्याप्रमाणे फराक्क्याला जाऊन मोजणी करत राहिली.

दोन्ही देशांत सामायिक नद्या ५४ आहेत. २०१९ मध्ये फेनीतून त्रिपुरातल्या साब्रूम गावासाठी १.८२ क्युसेक आणि २०२२ मध्ये कुशियारातून १५३ क्युसेक, एवढ्या लहान वाटण्या तेवढ्या जमल्या आहेत. तिस्ता अडलेली आहे. गंगा करार आहे तसा पुढे ढकलला तर सरासरीचा तक्ताही पुढे जाईल. नव्याने करायचा तर पाटणा, लखनौ आणि काठमांडूला विचारावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. एक-दोन वर्षांची मुदतवाढ घ्यावी, त्या काळात ७५ टक्के विश्वासार्हतेचा नवा तक्ता अलीकडच्या नोंदींवरून काढावा, आणि १९७७ सारखी खालच्या मर्यादेची हमी परत आणावी, हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. मुदतवाढीच्या कागदात १९७५ ला राहून गेलेली ती ओळ मात्र हवी.

करार संपतो १२ डिसेंबरला. वाटपाचा पहिला टप्पा सुरू होतो १ जानेवारीला. १९७५ मध्ये हातात तीन दिवस होते, या वेळी वीस आहेत.